मातीतला जावई

आमच्या प्रयोगशाळेत 'काळीभोर' हा शब्द उच्चारायला बंदी होती. तशी पाटी कुठे लावलेली नव्हती. पण नवा माणूस आला आणि एखादी पिशवी उघडून "वा, काय काळीभोर माती आहे!" म्हणाला, की आतल्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज व्हायचा आणि आमचे साहेब दारात येऊन उभे राहायचे.

"तुम्ही डोळ्यांनी कर्ब मोजता का?" ते अगदी नम्रपणे विचारायचे. "मग ही सगळी काचेची भांडी आपण मोडीत काढू आणि टेबलावर तुमचे डोळे मांडून ठेवू."

समोरचा माणूस हसावं की पळावं अशा विचारात पडायचा. मी दोन्ही केलं होतं. आधी हसले आणि मग त्यांचा चेहरा बघून चाळणी घ्यायच्या निमित्ताने पळाले.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नुकतीच बी.एस्सी. होऊन नाशिकच्या माती तपासणीच्या प्रयोगशाळेत लागले होते. वडील शाळेत शिक्षक, आमच्या वस्तीतल्या मुलींमध्ये पदवी घेणारी मी पहिली, त्यामुळे माझं नाक जरा वरच असायचं. साहेबांनी ते पहिल्याच आठवड्यात खाली आणलं. त्यांनी मला दोन पिशव्या दिल्या आणि कुठल्या मातीत कर्ब जास्त असेल ते सांगायला सांगितलं. एक पिशवी चांदवडच्या शेतकऱ्याची होती. माती काळी, चिकट, बघूनच श्रीमंत वाटावी अशी. शेतकरीही मिशीला पीळ देऊन बाकावर बसला होता. दुसरी हरसूलकडच्या डोंगरातली, तांबूस. ती आणणारा गडी दाराबाहेरच घुटमळत होता. "आमची माती लाल हाय, साहेब. कामाची नाय. पोरानं आणाया लावली म्हणून आणली," असं म्हणत होता. मी अर्थातच चांदवडकडे बोट दाखवलं.

तपासणी झाली तेव्हा हरसूलची माती चांदवडच्या कितीतरी पुढे गेली होती. साहेबांनी त्या गड्याला आत बोलावून स्वतःच्या खुर्चीवर बसवलं, त्याला चहा पाजला आणि मला म्हणाले, "बाई, आपल्याकडची काळी माती तिच्या खडकामुळे आणि चिकणमातीमुळे काळी असते. कर्ब म्हणजे पाला, मुळं, शेणखत कुजून मातीत जे मुरतं ते. डोंगरात पाला आहे, पाऊस आहे, नांगर कमी आहे. रंग बघून सोयरीक करणाऱ्यांनी या खात्यात येऊ नये." चांदवडकराची मिशी तोवर खाली आली होती.

साहेबांचे शर्ट हा स्वतंत्र विषय आहे. कर्ब मोजायचा तर मातीवर डायक्रोमेट घालायचं, त्यावर जळजळीत ॲसिड ओतायचं आणि मग ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत जांभळट निळ्याचा हिरवा होण्याची वाट बघायची. ॲसिडचे शिंतोडे कपड्यावर उडाले तर लगेच कळत नाही. शर्ट धुवायला टाकला की भोकं उमलतात. साहेब ती भोकं स्वतः रफू करायचे, हाताला लागेल त्या रंगाच्या दोऱ्याने. त्यांच्या पांढऱ्या शर्टावर लाल, पिवळे, निळे ठिपके असायचे आणि ते घालून ते जिल्ह्याच्या बैठकीलाही जायचे. कुणी सुचवलंच, तर म्हणायचे, "ही माझी नोकरीची वर्षं आहेत. झाकायची कशाला?"

त्यांचा दुसरा छंद म्हणजे चार भाग करणं. शेतातून आणलेली माती ढीगभर असते, तपासायला चिमूटभर लागते. म्हणून ढीग नीट कालवायचा, त्याचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले परत कालवायचे, परत चार भाग. असं करत करत चिमटीपर्यंत यायचं. हे शास्त्र आहे. पण साहेब चिवड्यालाही हेच करायचे. कुणाचा वाढदिवस असला की ते चिवड्याची पुडी वर्तमानपत्रावर उपडी करायचे, हाताने कालवायचे आणि पट्टीने चार भाग पाडायचे. "शेंगदाणे तळाशी जातात. वरचा घास खाऊन चिवड्याबद्दल मत बनवू नये," असं म्हणत ते आपला भाग उचलायचे. तोवर आमच्या तोंडचं पाणी आटलेलं असायचं.

पण आम्हाला खरं शिस्तीत ठेवलं ते जावयाने.

प्रयोगशाळेच्या कपाटात एक मोठा पत्र्याचा डबा होता. त्यात साहेबांनी एकाच जागची माती भरपूर आणून, वाळवून, चाळून, कालवून भरून ठेवली होती. तिचा कर्ब त्यांनी इतक्या वेळा मोजला होता की त्यांना तो स्वतःच्या जन्मतारखेसारखा पाठ होता. रोजच्या नमुन्यांमध्ये ते या डब्यातली एक पुडी गुपचूप मिसळायचे. तिलाही इतरांसारखाच नंबर, तसलाच कागद, शेतकऱ्याचं खोटंच नाव. कुठली पुडी ती, हे आम्हाला कळायला काही मार्ग नव्हता. संध्याकाळी आकडे हातात घेऊन साहेब म्हणायचे, "जावई आला होता. पाहुणचार बरा झाला." किंवा, "जावई रुसून गेला." जावई रुसला म्हणजे त्या दिवसाचं सगळं काम परत. कुणी म्हटलं की ॲसिड महाग आहे, वेळ नाही, तर ते म्हणायचे, "जावई कुठला ते माहीत नाही ना? मग सगळ्यांनाच जावयासारखं वागवा. त्याला पैसे पडत नाहीत."

आता बाहेरदेशी अशी खात्रीची माती विकत मिळते म्हणे, डबाबंद, प्रमाणपत्रासह. आमचा जावई फुकटचा होता आणि मी छातीठोकपणे सांगते, कुणापेक्षा कमी नव्हता.

स्वस्त म्हणजे वाईट असं साहेब कधीच मानत नसत. उलट स्वस्त नसेल तर त्याचा शेतकऱ्याला उपयोग काय, असं ते विचारायचे. पण स्वस्ताच्या नावाखाली काही खोटं आलं की त्यांचं डोकं फिरायचं. एकदा वरून एक तरुण अधिकारी आले. त्यांनी फर्मान काढलं की हे ॲसिड आणि डायक्रोमेट बंद करा. माती भट्टीत घाला, खूप तापवा, आधीचं वजन आणि नंतरचं वजन बघा. जे उडून गेलं तो कर्ब. किती सोपं!

साहेब बाहेर गेले, कचेरीच्या मागच्या भिंतीचा निघालेला चुन्याचा गिलावा खरवडून आणला, कुटून पुडी केली आणि चार मातींबरोबर भट्टीत ठेवली. संध्याकाळी आकडे अधिकाऱ्यांच्या पुढे ठेवले. अधिकारी एका आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "ही कुणाची जमीन? फार सुपीक दिसते."

"आपलीच आहे, साहेब," आमचे साहेब म्हणाले. "कचेरीची मागची भिंत. तिथे गहू पेरायला हरकत नाही."

चुना तापला की त्यातूनही वायू उडतो, चिकणमातीतलं पाणीही उडतं आणि वजन सगळ्याचंच घटतं. आपल्या चुनखडीच्या जमिनींना ते माप लावलं तर निकृष्ट जमीनही राजेशाही दिसेल. फर्मान मागे घेतलं गेलं. साहेबांची बढती मात्र त्यानंतर कधी झाली नाही. त्यांना त्याचं वाईट वाटत असे का, हे मला ठाऊक नाही. मला वाटायचं आणि मी ते जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने बोलून दाखवायचे.

आता आक्कांची गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय साहेब पुरे होत नाहीत.

सायखेड्याला गोदावरीकाठी दोघा भावांची एकत्र जमीन होती. मोठा भाऊ ओझरला कारखान्यात कामाला, रविवारी घरी यायचा. त्यामुळे बांधाच्या अलीकडचा अर्धा भाग त्याची बायको, म्हणजे आक्का, बघायच्या आणि पलीकडचा अर्धा त्यांचे दीर. आक्का दर पावसाळ्यात आपल्या भागात ताग पेरायच्या आणि फुलावर यायच्या आत तो नांगरून मातीत गाडून टाकायच्या. शिवाय शेणखत, पाचट, घरचा केरकचरा, सगळं शेतातच. दिराला हे बघवत नसे. अख्खा एक हंगाम पीक न घेता हिरवं रान मातीत गाडायचं म्हणजे त्याला वेडेपणा वाटायचा. त्याला सगळ्या जमिनीत द्राक्षाचा मांडव घालायचा होता आणि पोत्यातली खतं द्यायची होती. माणूस वाईट नव्हता. कष्टाळू होता आणि त्याला घाई होती.

शेवटी आक्कांच्या नवऱ्याने तोड काढली. नाशिकच्या प्रयोगशाळेने माती तपासायची. काही पावसाळ्यांनी आक्कांच्या भागातला कर्ब वाढलेला निघाला, तर दिरानेही ताग करायचा. नाही वाढला, तर आक्कांनी शेताचा कारभार सोडायचा आणि सगळी जमीन दिराने आपल्या मताने करायची. आक्का शाळेत गेलेल्या नव्हत्या, पण त्या शेतात उभ्या राहिल्या की गडी त्यांच्याकडे बघून कामाला लागत. तो मान जाणार की राहणार, हे आता आमच्या ब्युरेटवर आलं होतं.

पहिल्या वर्षीची माती साहेबांनी स्वतः काढली. मी बरोबर होते. साहेबांकडे माती काढायचं एक लांब लोखंडी गिरमिट होतं. ते क्रिकेटच्या बॅटच्या खोळीत घालून ते एस.टी.ने न्यायचे. खोळीतून दोन हात लांब दांडा बाहेर आलेला असायचा. कंडक्टरने विचारलं, "हे काय, बंदूक हाय का?"

"जमिनीचं रक्त काढायची सुई आहे," साहेब म्हणाले आणि तिकिटाचे पैसे पुढे केले. आम्ही उतरेपर्यंत कंडक्टर आमच्याकडे संशयाने बघत राहिला.

शेतात साहेब सरळ चालत नसत. माती सगळीकडची यावी म्हणून नागमोडी जायचं, वाटेत गिरमिट खुपसायचं, असा त्यांचा रिवाज. बांधावरची माणसं बघत होती. "साहेब सकाळच्याला टाकून आले वाटतं," एक म्हातारा म्हणाला. आक्कांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून गेला.

त्यानंतर दर वेळी आम्ही जाणं शक्य नव्हतं. साहेबांनी एक पत्रक छापून घेतलं होतं. माती कशी काढावी, सावलीत स्वच्छ जागी कशी वाळवावी, सगळं त्यात होतं. आक्कांनी ते मुलीकडून वाचून घेतलं. तीन-चार पावसाळे गेले आणि एके दिवशी आक्का आणि दीर दोघंही आपापल्या पिशव्या घेऊन नाशिकला आले. आक्कांची पिशवी धुतलेली, तोंड शिवलेलं. दिराची माती जुन्या वर्तमानपत्राच्या बोचक्यात, गाठ सुटत आलेली.

निकाल माझ्याच हातून लागला. दिराची माती पूर्वीच्याच ठिकाणी होती. आक्कांचा कर्ब जवळजवळ दीडपट झाला होता. मला इतका आनंद झाला की मी आकडा साहेबांना दाखवायच्या आधी बाकावर वाट बघत बसलेल्या आक्कांना सांगून टाकला. त्या दिराकडे बघून म्हणाल्या, "भाऊजी, ऐकलं ना?" दिराने मान खाली घातली आणि म्हणाला, "ऐकलं, वहिनी. शबुद दिला तो दिला." दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पेढे आले.

साहेबांनी पेढा घेतला नाही. ते आकड्याकडे बघत बसले होते.

"एवढ्या थोड्या पावसाळ्यांत एवढा?" ते म्हणाले. "माती आहे की दुधावरची साय?"

मी परत मोजलं. परत तेच. त्या दिवशीचा जावईही हसतमुख परत गेलेला होता. मी जरा तोऱ्यातच म्हटलं, "साहेब, माझं काही चुकलेलं नाही."

"तेच म्हणतो," साहेब म्हणाले. "तुमचं चुकलेलं नाही. म्हणजे चूक तुमच्या आधी झालेली आहे." आणि त्यांनी खुंटीवरची बॅटची खोळ काढली.

आम्ही सायखेड्याला पोचलो तेव्हा आक्का ओसरीवर होत्या. ओसरी नुकतीच शेणाने सारवलेली, बोटांच्या वळ्या अजून ओल्या. साहेब पायरीवरच थांबले. त्यांनी ओसरीकडे बघितलं, मग आक्कांकडे. "आक्का, आमच्याकडे पाठवलेली माती तुम्ही वाळवली कुठे?"

"हितंच की," आक्का म्हणाल्या. "तुमच्या कागदात लिव्हलंय, स्वच्छ जागी वाळवा. मी आधी चांगली ओसरी सारवली, मंग पसरली. वाळल्यावर कुंच्यानं सगळी गोळा केली, कण बी वाया घालवला नाय."

गावात स्वच्छ करायचं म्हणजे शेणाने सारवायचं. दुसरं काय करणार कुणीही? आणि कुंच्याने माती गोळा केली म्हणजे सारवणाचे पापुद्रेही तिच्यात आले. शेण म्हणजे निव्वळ कर्ब. दिराने आळसाने वर्तमानपत्रावर वाळवली, त्याची माती खरी निघाली. नेटकेपणाने केलं त्या बाईची खोटी.

साहेबांनी शेतातून नवी माती काढली, तिचे दोन वाटे केले. एक आक्कांनी ओसरीवर वाळवला, दुसरा आम्ही कागदावर. आठवड्याने दोन्ही तपासले. ओसरीच्या वाट्यात कर्ब होता भरघोस. कागदाच्या वाट्यात पहिल्या वर्षीपेक्षा इतकासा जास्त, की तो खरा जास्त होता की आमच्या हाताचा फरक, हे देव जाणे.

मला वाटलं, साहेब आता गप्प बसतील. पेढे वाटून झाले होते, दीर कबूल झाला होता, कुणाचं नुकसान नव्हतं. पण साहेब मला घेऊन परत सायखेड्याला गेले. त्यांनी आक्का आणि दीर दोघांना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं.

आक्कांनी सारवणावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "म्हंजे तुम्ही माझं सारवण मोजलं?"

"हो," साहेब म्हणाले. "आणि ते अगदी बरोबर मोजलं. चूक आमच्या पत्रकाची. शेणावर वाळवू नका, हे आम्ही लिहायला हवं होतं."

दीर ताठ बसला. "मंग वहिनीच्या रानात कर्ब वाढला का नाय, तेवढं सांगा. एका शब्दात."

"माहीत नाही."

"सरकारी माणूस आन् माहीत नाय?"

"सरकारी माणसाला माहीत नसलेलं पुष्कळ असतं. तो बोलून दाखवत नाही इतकंच," साहेब म्हणाले. "वाढला नाही, असं मी म्हणत नाही. वाढला असेल तर थोडा वाढलाय आणि तो मला अजून दिसत नाही. तुमच्या एकाच शेतात इथली ओंजळ आणि तिथली ओंजळ यांत त्याहून जास्त फरक आहे. एका ओंजळीवर घरचा निकाल लावायला निघालो, ती माझी चूक."

"म्हंजे शबुद मोडला," दीर म्हणाला.

"मोडला कसा?" आक्का उसळल्या. "साहेबांना दिसंना, तर कारभार तुमच्याकडं कसा जाईल? दिसंपत्तुर माझाच."

दिराने विचार केला. "बरं, तसं. पर पुढच्या बारीला माती मी काढनार. आन् कमी-जास्त काय ते मी माझ्या डोळ्यानं बघनार. तुमच्या आकड्यावर माझा इश्वास नाय आता."

परतीच्या गाडीत मला राहवेना. "तुम्ही गप्प राहिला असता तर काय बिघडलं असतं? त्या बाईचं भलं झालं असतं."

"आणि पुढल्या वर्षी तिने पत्र्यावर वाळवली असती तर? कर्ब घटला म्हणून दिराने सगळंच काढून घेतलं असतं," साहेब म्हणाले. "खोट्या आकड्यावर तिला उभं केलं, तर ती केव्हा पडेल हे तिच्याही हातात राहत नाही अन् माझ्याही."

ते बरोबर होतं हे मला तेव्हाच कळलं. पण मला राग आला होता आणि बरोबर असलेल्या माणसाचा राग जास्त येतो. वाटेत एका थांब्यावर साहेबांनी भुईमुगाच्या शेंगा घेतल्या, कागदावर ओतल्या आणि चार भाग करायला लागले. मी तोंड फिरवून खिडकीतून बघत बसले.

"डोळ्यानं बघनार" हे दिराचे शब्द साहेबांच्या डोक्यात घर करून बसले. एका शेताचा खरा अंदाज यायचा तर खूप जागांची माती तपासायला हवी. ब्युरेटने तेवढं करायचं तर आमचं महिन्याचं ॲसिड त्यातच संपेल. साहेबांनी मग वेगळाच उद्योग मांडला. डायक्रोमेटचा रंग नारिंगी असतो. मातीतला कर्ब त्याला जितका खातो, तितका तो हिरव्याकडे जातो. साहेबांनी साखर वाळवली, तोलून तोलून थोडी कमी, थोडी जास्त अशी नळ्यांत भरली आणि तिच्यावर डायक्रोमेट आणि ॲसिड घातलं, कारण साखरेत कर्ब किती हे नक्की माहीत असतं. त्या रंगांच्या परीक्षानळ्या त्यांनी ज्योतीवर तोंडं वितळवून कायमच्या बंद केल्या. चार बोटं भाजून घेतली. लाकडी पट्टीत ओळीने नळ्या बसवल्या आणि प्रत्येकीखाली नाव लिहिलं: झेंडू, पिकलं लिंबू, कच्चं लिंबू, दोडका, तोंडली. मातीची नळी घ्यायची, खिडकीपाशी धरायची, कुठल्या भाजीशी जुळते ते बघायचं. बस्स. माती, ॲसिड, डायक्रोमेट, सगळं चिमूटभर लागायचं.

तेच ते तरुण अधिकारी एकदा पाहणीला आले आणि म्हणाले, "हे काय, भाजीचं दुकान मांडलंय?" साहेबांनी त्यांना तोंडली दाखवली.

मीही शंका काढली होती. "एकेक नळी वाचताना चूक होणारच, साहेब. ब्युरेटची सर कशी येईल?"

"नाही येणार. पण सोनाराच्या तराजूत एकच दाणा तोलून पोत्याचा अंदाज करणार का? त्यापेक्षा वाण्याच्या तराजूत पोतंच घालावं." आणि पुढचे कित्येक महिने त्यांनी आमच्याकडून तीच माती नळीने आणि ब्युरेटने, दोन्ही तऱ्हांनी मोजून घेतली. एकटी नळी इकडेतिकडे जायची. खूप नळ्यांची सरासरी मात्र ब्युरेटच्या शेजारी जाऊन बसायची. तेव्हा मी मुकाट्याने हार मानली.

मधे आणखी काही पावसाळे गेले. आक्कांचा ताग चालू होता, दिराची कुरकुरही. ऐंशीच्या दशकाची दोन-तीन वर्षं उलटली आणि साहेबांच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले, तेव्हा एका सकाळी दीर मातीच्या पुड्यांचं गाठोडं घेऊन हजर झाला. दोन्ही भागांतून सगळीकडची माती त्याने स्वतः काढली होती, कागदावर वाळवली होती. आक्काही मागोमाग आल्या.

साहेबांनी सगळ्या नळ्या करायला लावल्या आणि रात्रभर निवळू दिल्या. दुसऱ्या दिवशी ती दोघं परत आली तेव्हा नळ्या एका लाकडी फळीच्या भोकांत उभ्या होत्या, पुरत्या सरमिसळ करून. आक्कांच्या मातीच्या नळ्यांना तळाशी ऑइलपेंटचा निळा ठिपका होता, पण भोकात तळ दिसत नव्हता. डब्यातल्या जावयाच्या काही नळ्याही मध्येच बसवलेल्या होत्या. त्यांना लाल ठिपका.

"बघा तुमच्या डोळ्यांनी," साहेब दिराला म्हणाले. "जी ज्या भाजीशी जुळेल, तिच्या रांगेत ठेवा. तळ बघायचा नाही."

दिराने नळ्या एकेक करून उत्तरेच्या खिडकीपाशी धरल्या. सुरुवातीला तो घाईत होता. मग हळू झाला. एक नळी ठेवून परत उचलली, परत धरली. "ही कच्चं लिंबू. नाय, दोडका." आक्का भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी पदर मुठीत घट्ट धरला होता आणि त्या नळ्यांकडे बघत नव्हत्या, दिराच्या तोंडाकडे बघत होत्या. मला त्यांच्याजवळ जाऊन उभं राहावंसं वाटलं आणि मी गेले.

सगळ्या लागल्यावर साहेब म्हणाले, "आता उचला. खालून बघा. कुणी बोलायचं नाही."

दीर उचलत गेला. पिकल्या लिंबाच्या रांगेत ठिपका नाही, ठिपका नाही, एखादा निळा. कच्च्या लिंबात थोडे निळे, थोडे बिनठिपक्याचे. दोडक्यात निळा, निळा, एक बिनठिपक्याचा, परत निळा. तोंडलीत सगळे निळे. लाल ठिपक्याचे जावई साहेबांनी स्वतः उचलले. सगळेच्या सगळे एका रांगेत, जिथे असायला हवे होते तिथेच बसलेले होते. दिराची नजर चोख निघाली होती.

साहेबांनी चष्मा काढला, शर्टाच्या बाहीला पुसला आणि म्हणाले, "वाढलाय."

मी त्यांच्या हाताखाली दहाएक वर्षं काढली. त्यांच्या तोंडून 'पण' न जोडलेलं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

दीर तोंडलीची शेवटची नळी हातात धरून तसाच उभा होता. त्याने ती परत खिडकीकडे केली, तळाचा ठिपका अंगठ्याने चोळून पाहिला. मग नळी सावकाश फळीत ठेवली आणि आक्कांकडे न बघता विचारलं, "वहिनी, माझ्या रानाला तागाचं बी किती लागंल?"

आक्कांनी मुठीतला पदर सोडला.

"पाऊस पडायच्या आधी घेऊन जा," त्या म्हणाल्या. "वेगळं काढून ठेवलेलंच हाय, तुमच्या वाटचं."